उंच गाडीची लहान स्टेपनी

मित्रांनो, रस्त्याने जाणाऱ्या पिकअप गाडीची चार चाके तुम्हाला दिसतात. पाचवे दिसत नाही. ते पाहायचे तर गुडघे टेकून, मान वाकडी करून मागच्या हौद्याखाली डोकवावे लागते. तिथे साखळीने आवळलेली, चिखलाने माखलेली एक गोल वस्तू लटकत असते. मी तशीच एक जुनी स्टेपनी आहे. आता मी कुठल्याच गाडीखाली नाही, टायरच्या दुकानामागे भिंतीला टेकून उभी आहे. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात रबर दाबले गेले, त्यावर नक्षी उमटली आणि माझ्या कडेला जन्माचा आठवडा आणि साल कोरले गेले. मग मला सोळा इंची लोखंडी रिमवर चढवले. माझ्यासारखीच आणखी चार चाके माझ्याबरोबर तयार झाली. आम्ही पाच भावंडे एकाच दिवशी एका पांढऱ्या पिकअपला मिळालो. गाडी जोडणाऱ्या माणसाने चौघांना चार कोपऱ्यांत बसवले. मी उरले. त्याने मला गाडीच्या पोटाखाली सरकवले, साखळी ओढली आणि हात झटकले. त्याने मला मुद्दाम मागे ठेवले असेही नव्हते. त्याच्या हाताशी मी शेवटी आले, एवढेच.

तेव्हापासून मी रस्ता पाहिला तो उलटा, पोटाखालून. भावंडे धावत आणि मी लटकत राही. पण त्यांच्या धावण्याचा आवाज चारही बाजूंनी येई, त्यामुळे एकटे वाटत नसे.

गाडीचा मालक मधमाश्या पाळायचा. सगळे त्याला मधवाला म्हणत. आईवडील गेल्यावर वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मधपेट्या त्याने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने सांभाळल्या. तो तिला ‘बारकी’ म्हणे, ती त्याला ‘दादा’. फुलांचा हंगाम बदलला की पेट्या हौद्यात भरायच्या, दुसरीकडे न्यायच्या, फुले संपली की पुन्हा हलवायच्या, असे त्यांचे काम. दादा गाडी चालवी आणि बारकी शेजारी बसून मागच्या जाळीतून पेट्यांवर नजर ठेवी. दोघे वाटभर भांडत आणि वाटभर हसत.

बारकीला मोजण्याचे वेड होते. गाडी निघण्याआधी ती चारही चाकांची हवा गेज लावून बघे आणि मग जुने पोते जमिनीवर अंथरून माझ्याकडे येई. दादा ओरडे, “अगं, ती कुठे पळणार आहे? तिची हवा कशाला बघतेस?”

“पळत नाही म्हणूनच बघते,” ती पोत्यावरून उत्तर देई. “पळणाऱ्याची हवा गेली तर लगेच कळतं. हिची गेली तर कोण सांगणार?”

माझ्या व्हॉल्व्हची टोपी ती बोटांनी घट्ट करी आणि जाता जाता मला एक टिचकी मारी. मित्रांनो, माझ्या त्या काळातल्या आयुष्यात कौतुक म्हणाल तर एवढेच होते. पण मला ते पुरे.

पुढे डोंगरावरच्या पठाराची बातमी आली. तिथे रानफुलांचे ताटवे होते आणि दुसरा कोणी मधवाला तिथवर जात नव्हता. न जाण्याचे कारण म्हणजे वाट. पावसाने खरवडलेली, टोकदार दगडांची, मधोमध उंचवटा असलेली. आमच्या गाडीचे पोट त्या उंचवट्याला घासे. सगळ्यात खाली मी, म्हणून पहिला दणका मलाच. एकदा तर दगडाने माझ्या रिमची कड वाकवली. दादाने ठरवले, गाडी उंच करायची.

त्याने लांब स्प्रिंगा आणि नवे शॉकअब्सॉर्बर बसवून घेतले. गाडी दोन इंच वर उचलली गेली. आता उंच गाडीखाली आमची चाके बारीक दिसू लागली, जशी मोठ्या माणसाच्या पायात लेकराची चप्पल. मोठे टायर घ्यायचे म्हणून दोघे भावंडे टायरच्या दुकानात आली. दुकान एका पोक्त बाईंचे होते. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या हातांच्या रेषांत काळे रबर कायमचे मुरलेले होते.

“मला पस्तीस इंची हवेत,” दादा म्हणाला. “आणि रिमही रुंद. गाडी कशी वाघासारखी दिसली पाहिजे.”

“वाघ मध गोळा करतो का रे?” बारकी म्हणाली.

मावशी हसल्या. “आत्ताचे तीस इंचाचे आहेत. दोन इंच उचललेल्या गाडीला पस्तीस म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा. चाक सरळ असताना काहीही बसतं हो. स्टिअरिंग पूर्ण फिरवा, एक चाक दगडावर चढवा आणि मग बघा कुठे कुठे घासतं ते.”

बारकीने टेप काढली. तिने दादाला स्टिअरिंग फिरवायला लावले, मडगार्डच्या कमानीत हात घालून मापे घेतली. मग ती म्हणाली, “बत्तीस घे, दादा. रिम आहे त्याच रुंदीची. बाहेर आलेला टायर वाटेतला प्रत्येक दगड आपल्या कुशीवर घेईल. आणि जितकं मोठं चाक, तितका इंजिनाला चढ जड आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला उशीर. शिवाय बत्तीसचं चाक स्टेपनीच्या जागेतही मावतं. पाचही एका मापाची घेता येतील.”

“पाच कशाला? स्टेपनी आहे की.”

“ती लहान पडेल.”

“लागलीच तर पाच-दहा मैल ढकलेल. चाललंय ना आजवर!”

“आजवर ती कधी लागलीच नाही, दादा. म्हणून चाललंय.”

दोघेही हट्टी. बोलता बोलता आवाज चढले. बारकीला दूरच्या शहरात एका कारखान्यात मोजमापाच्या कामावर नोकरी मिळाली होती, आणि ती जाणार हे दादाच्या मनाला लागून राहिले होते. त्याने ते आजवर बोलून दाखवले नव्हते. त्या दिवशी टायरचे निमित्त झाले.

“तुला तर जायचंच आहे,” तो म्हणाला. “मग गाडी माझी मला ठरवू दे. उंटावरून शेळ्या हाकू नकोस.”

बारकीने टेप गुंडाळली. गुंडाळताना टेप मध्येच अडकली, पण तिने मान वर केली नाही. मावशी पाना शोधायचा बहाणा करून आत गेल्या.

शेवटी पस्तीसही नाही आणि बत्तीसही नाही, दादाने तेहतीस इंची टायर घेतले. रुंद रिमचा हट्ट मात्र सोडला नाही. माझी चारही भावंडे उतरवली गेली. एक जण आपल्या ट्रॉलीसाठी त्यांना घेऊन गेला. ती एकावर एक रचलेली चालली होती आणि मी साखळीला टांगलेली होते. आम्ही एकमेकांकडे वळूनही पाहू शकलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बारकी शहरात गेली.

मित्रांनो, एकटेपणा एकदम येत नाही. तो टायरमधल्या हवेसारखा असतो, पण उलटा. हवा रोज थोडी जाते आणि एकटेपणा रोज थोडा भरतो. नवी चाके रुबाबदार होती. त्यांचा आवाज जाड, घुमणारा. त्या आवाजात माझे कोणी नव्हते. त्यांनी उडवलेला चिखल माझ्यावर येऊन वाळे. साखळीच्या कड्यांत गंज शिरला. पोते अंथरून कोणी आले नाही.

दादाही एकटा पडला होता. शेजारच्या सीटवर आता धुरी द्यायचे भांडे आणि दोऱ्यांचा गुंता असे. सुरुवातीला बहिणीचे फोन येत. तो म्हणे, “हो, बरं आहे. हो, जेवलो. ठेवू का?” मग फोन कमी झाले. मग येईनासे झाले. तिला वाटत असावे, त्याने करावा. त्याला वाटत असावे, तिने करावा. गाडी उभी करून तो कधी कधी इंजिन बंद करी आणि तसाच बसून राही. वर पेट्यांत हजारो माश्यांची गुणगुण, आत एक गप्प माणूस आणि खाली मी.

अशीच वर्षे गेली. मग तो उन्हाळा आला.

पठारावरची फुले संपली होती. पेट्या खालच्या फळबागेत न्यायच्या होत्या. माश्या बाहेर पडण्याआधी, अगदी उजाडता उजाडता दादाने पेट्यांची तोंडे जाळीने बंद केली आणि हौदा भरला. बंद पेट्या उन्हात जास्त वेळ राहिल्या तर आतले मेण मऊ पडते, पोळी कोसळतात आणि माश्या गुदमरतात. म्हणून ऊन चढायच्या आत खाली पोहोचायचे, हा नियम. त्या दिवशी निघायला थोडा उशीरच झाला होता.

अर्ध्या उतारावर एका टोकदार दगडाने मागच्या डाव्या चाकाची कूस फाडली. रुंद रिममुळे टायर गाडीच्या बाहेर डोकावत होता, दगड थेट तिथेच लागला. ‘फस्स’ आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. दादाने ती कशीबशी पुढच्या सपाट तुकड्यावर घेतली आणि खाली उतरला. फाटलेल्या चाकापुढे तो क्षणभर उभा राहिला. तिथे पंक्चर नव्हते, हाताचा पंजा जाईल एवढी चीर होती.

मग तो वाकला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहिले.

मला वाटले, आता माझी वेळ आली. पण साखळी सुटेना. गंजाने कड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने पाना लावला, हातोडी मारली, शिव्या घातल्या. जॅक लावून पाहिला तर तोही पुरेना, कारण गाडी उंच झाली होती आणि जॅक जुनाच होता. दुष्काळात तेरावा महिना! वर पेट्यांतली गुणगुण बदलत चालली होती. सकाळची शांत गुणगुण आता कर्कश झाली होती. माश्या पंख मारमारून आतली हवा थंड ठेवायला धडपडत होत्या.

दादा रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. आसपास माणूस नव्हते. त्याने खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. मग नंबर लावून, आवाज मोठा करून त्याने तो गाडीजवळच्या दगडावर ठेवला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“हॅलो?” बारकीचा आवाज आला. मागे यंत्रांची घरघर होती. “दादा? काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला.

घरघर थांबली. ती कुठल्याशा दाराबाहेर आली असावी. “दादा, बोल.”

“टायर फाटला. पठाराच्या उतारावर आहे. पेट्या भरलेल्या आहेत.”

तिने पुढचे काहीच विचारले नाही. ‘मी सांगत होते’ असेही म्हणाली नाही. “पाणी किती आहे?”

“प्यायचा कॅन आहे.”

“सगळा ओत. पोती भिजव, पेट्यांवर टाक, वर ताडपत्री सावलीसारखी ताण. पेट्यांना टेकू देऊ नकोस, वारा जाऊ दे. कर आधी. मी आहे फोनवर.”

त्याने तसे केले. स्वतःसाठी घोटभरही ठेवले नाही. मग तिने साखळी लोखंड कापायच्या करवतीने तोडायला सांगितली. जॅकखाली पेट्या ठेवायच्या जाड फळ्या घालायला सांगितल्या आणि उरलेल्या चाकांच्या मागेपुढे दगड लावायला लावले. करवत चालू लागली. कडी तुटली आणि मी धप्पकन खाली पडले. दादाने मला ओढून बाहेर काढले. मित्रांनो, डोक्यावर मोकळे आभाळ मी जन्मल्यापासून पहिल्यांदाच पाहत होते.

“निघाली स्टेपनी,” दादा म्हणाला.

“हवा आहे का तिच्यात?”

दादाने मला अंगठ्याने दाबले. मी दबले गेले. त्याने दुसऱ्या बाजूला दाबून पाहिले.

“दादा?”

“तू गेल्यापासून कोणी बघितली नाही गं,” तो म्हणाला.

मग बारकी हळूच म्हणाली, “सीटच्या मागे बघ. पायाने दाबायचा पंप असेल. मी काढला नव्हता.”

पंप होता. दादा पाय मारू लागला. माझ्यात हवा शिरू लागली, आणि माझी आखडलेली अंगे एकेक करून सरळ झाली. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. पण हवा टिकली.

“आता मागे लावतो आणि निघतो,” दादा म्हणाला.

“मागे नको. ती लहान आहे. मागच्या दोन चाकांची मापं वेगळी झाली की मधली गिअरं सारखी एकमेकांवर घासतात. एवढं वजन घेऊन उतारावर ती तापून बसतील. आधी पुढचं डावं चाक काढ, तिथे स्टेपनी लाव. ते निघालेलं मोठं चाक मग मागे.”

“म्हणजे दोनदा जॅक लावायचा? बारके, पेट्या तापतायत!”

“माहीत आहे मला. त्या माझ्याही आहेत.”

दादाने पाना उचलला. पुढचे चाक निघाले, त्या जागी मी बसले. एकेक नट आवळला गेला तसा तो मला गाडीच्या हाडाशी जोडत गेला. मग मागचे काम झाले. फळ्यांवरचा जॅक एकदा डुगडुगला तेव्हा दादा चटकन मागे सरला. फोनमधून श्वास रोखल्याचा आवाज आला. “आहे मी, आहे,” तो घाईने म्हणाला.

गाडी निघाली. माझ्या बाजूला ती जरा कलली होती आणि स्टिअरिंग डावीकडे ओढत होते. मला त्याची लाज वाटली. पण लाजायला सवड नव्हती. आयुष्यभर ज्या दगडांनी मला खालून टोले दिले, त्यांच्यावर मी आता स्वतः चढत होते, उतरत होते. सगळ्या पेट्यांचा भार उतारामुळे पुढे येत होता. भेगा ताणल्या जात होत्या. कुठल्याही वळणावर मी फुटले असते. दादा पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गाडी घेत होता. “एक वळण झालं… इथे दगड आहेत, बाहेरून घेतो… बारके, ऐकतेस ना?”

“ऐकतेय.”

एवढाच एक शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, डोंगर संपेपर्यंत.

फळबागेच्या सावलीत दादाने घाईघाईने पेट्या उतरवल्या आणि एकेकीची जाळी काढली. माश्या धुरासारख्या बाहेर पडल्या आणि झाडांत शिरल्या. एक पेटी मात्र गप्प होती. तिच्या तळातून मध गळत होता. पोळी वितळून माश्यांवर कोसळली होती. वडिलांच्या वेळची सगळ्यात जुनी वसाहत होती ती. दादा तिच्याशेजारी मातीत बसला.

“पोहोचलो,” तो फोनवर म्हणाला. “पण आबांची पेटी गेली.”

“आणि तू?” बारकीने विचारले. “तू कसा आहेस?”

दादाने डोळ्यांवर तळहात दाबले. “ये ना गं एकदा,” तो म्हणाला.

ती आली. कारखान्यातून मोजकी रजा घेऊन आली, आणि दोघे पुन्हा मावशींच्या दुकानात उभे राहिले. या वेळी टेप दादाने धरली होती आणि आकडे बारकी वाचत होती. बत्तीस इंची टायर, जुन्या रुंदीची रिम. पाच चाके, पाचही एका मापाची. मावशींनी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून दाखवले, कुठेच घासले नाही. पाचवे चाक माझ्या जुन्या जागेत नव्या साखळीने बसले. गाडीपुरता उंच जॅकही घेतला गेला.

मी जमिनीवर पडून होते. दादा म्हणाला, “मावशी, हिला कुठेतरी वापरता येईल का? नक्षी तर नवीकोरी आहे.”

मावशींनी माझ्या कडेवरून बोट फिरवले, जन्माचे साल वाचले, भेगा पाहिल्या. “नक्षी नवी आहे, पण रबर म्हातारं झालंय,” त्या म्हणाल्या. “न धावताही वय होतंच की हो. आता हिला रस्त्यावर पाठवायची नाही. राहू दे इथेच.”

बारकीने मला उचलून दुकानामागे आणले आणि भिंतीला टेकवून ठेवले. थोडा वेळ ती माझ्यासमोर उभी होती. मग दादाने हाक मारली आणि ती गेली. दोन दिवसांनी तिला शहरात परतावे लागले, असे मावशींच्या बोलण्यातून कळले. रक्ताच्या माणसांनाही पोटासाठी दूर राहावे लागते. गोडीने सगळेच प्रश्न सुटत नाहीत.

आता माझे दिवस भिंतीशी जातात. सकाळी सावली एका अंगावर असते, संध्याकाळी दुसऱ्या. गवत माझ्या रिममधून वर आले आहे. इथे आणखीही टायर आहेत, पण ते झिजून आलेले, रस्ते भोगून आलेले. त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ असेल. माझे सारे आयुष्य म्हणजे एक उतार. कधी कधी वाटते, एवढ्यासाठीच का मी घडले? आणि मग वाटते, त्या उतारावर मी नसते तर?

पांढरी पिकअप अधूनमधून हवा भरायला येते. दादा एकटाच असतो. कोपऱ्यापाशी उभी राहिली की मला ती भिंतीच्या फटीतून दिसते. परवा तो आला, चारही चाकांची हवा बघून झाली. मावशींनी नळी गुंडाळायला घेतली तशी तो म्हणाला, “थांबा मावशी, अजून एक आहे.” त्याने पोते अंथरले, पाठीवर झोपला, गेज लावले आणि फोनवर कोणाला तरी आकडा सांगितला. पलीकडून काहीतरी उत्तर आले आणि तो पोत्यावर पडल्या पडल्या मोठ्याने हसला.

मी इथून त्याला हाक मारू शकत नव्हते. तो गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना सांगा, चाकांची मापे दिसण्यासाठी निवडू नका. गाडीच्या अंगाला आणि वाटेला शोभतील ती निवडा. आणि स्टेपनी बाकीच्या चार चाकांच्या बरोबरीची ठेवा. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. प्रत्येक घरात असे एखादे माणूस असते, ‘लागलं तर आहेच’ म्हणून आपण ज्याला गृहीत धरून ठेवलेले असते. दूरची आत्या असेल, मागच्या खोलीतले काका असतील, शहरात गेलेली बहीण असेल. ते कुरकुर करत नाहीत, म्हणून ते ठीक आहेत असे समजू नका. गरज नसताना त्यांच्यापाशी जा. वाकायला लागले तर वाका, कपडे मळले तर मळू द्या, आणि विचारा, कसे आहात?

माझ्यापाशी आता कोणी येणार नाही, हे मला समजले आहे. त्यांच्यापाशी मात्र तुम्ही आजच जाऊ शकता.